आठ मोटरांची बाही

"अहो मीटर, चालूच आहे की ती," कोडवाली म्हणाली आणि माझ्या तळहातावरची मोटर उचलून तिने टेबलाच्या पत्र्यावर ठेवली. पत्रा कोकलला. शर्टाच्या बटणाएवढी ती मोटर, दोन बारीक तारांना बांधलेली, भुंग्यासारखी फिरत सुटली आणि माझ्या कपाला जाऊन थडकली. मी आत्ताच छातीठोकपणे सांगितलं होतं की मोटर चालवणारी चिप मेलीय, बदलून टाका. त्याआधी दोन मिनिटं मी डोळे मिटून, मूठ अर्धवट मिटून बसलो होतो, जसा अठरा वर्षं बसत आलोय, आणि मुठीत काहीही नव्हतं. म्हणजे मोटर होती, पण कुणाच्या तरी शर्टाचं तुटलेलं बटण असावं तशी. "वायर सैल असेल," मी म्हणालो. "मघाशी बंद होती." "असेल," कोडवाली म्हणाली. तिच्या बोलण्यात काही खोच नव्हती. तिला तिच्या प्रोग्रामपलीकडे कशात रस नसतो; जग बुडालं तरी ही बाई आधी फाइल सेव्ह करील. मला मात्र जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली आणखी एक पायरी असावी, तसं झालं. मी कप उचलला. चहा गरम आहे की गार हे तोंडाला लावेपर्यंत मला कळलं नाही, आणि असं आजच होत होतं असंही नाही.

मीटर हे नाव साहेबांनी ठेवलं. तेव्हा आमच्याकडे मोबाइलमध्ये बसवायच्या मोटरी तपासायला यायच्या, खोक्यांनी, आणि मी अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत एकेक धरून सांगायचो: ही चांगली, ही चांगली, हिचं वजन एका बाजूला घसरलंय, ही महिनाभरात जाईल. यंत्र लावून बघितलं की माझंच खरं निघायचं. पाहुणे आले की साहेब मला बोलावून घ्यायचे, दोन मोटरी हातात द्यायचे आणि ओळखायला लावायचे, लहान मुलाला पाहुण्यांसमोर कविता म्हणायला लावतात तसं. मला याचा राग येतो असं मी घरी सांगायचो. बायको म्हणायची, "राग येतो तर त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट कशाला मागता?" खरं होतं ते. माणसाला एखादीच गोष्ट येते आणि तिच्यावर तो आयुष्य काढतो. कुणाला गळा असतो, कुणाला नाक असतं. मला बोटं होती. गेल्या दोन वर्षांत मात्र साहेब कुणाला घेऊन आले की मी आधी मोटरीची थरथर रेषेत दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्याकडे ओझरतं बघायचो, आणि मग डोळे मिटून, जरा वेळ लावून म्हणायचो, "हं, ही थोडी मंद आहे." मी काही फसवणूक म्हणून करत नव्हतो. पडदा तिथेच होता, नजर जायचीच. असं मी स्वतःला सांगत होतो, आणि मी स्वतःचं फार लवकर ऐकतो.

आणि आज तर निवड करायची होती. आम्ही बनवत होतो ती एक बाही, कापडाची, मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची, आत चार-चार अशा दोन ओळींत आठ मोटरी. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी. समोरच्याने फोनमध्ये बोलायचं, कोडवालीचा प्रोग्राम त्याची अक्षरं करणार, आणि मोटरी एकामागून एक थरथरून ते अक्षर हातावर गिरवणार. कल्पना साहेबांची, प्रोग्राम कोडवालीचा, आणि त्या आठ मोटरी कशाने चालवायच्या हे ठरवायचं काम माझं. मोटरीला स्वतःचं डोकं नसतं. केव्हा सुरू हो, किती जोरात, केव्हा थांब हे तिला सांगणारं सर्किट लागतं, आणि बाही हातावर बोलते की नुसती कोकलते हे सगळं त्याच्यावर. दोन बोर्ड तयार होते. पहिल्यावर प्रत्येक मोटरीला स्वतःची चिप: सुरू करताना मोटरीला झटका देते, थांबवताना क्षणभर उलटी फिरवून तिला जागच्या जागी उभी करते. पण नखरे फार. आठही चिपांचा पत्ता एकच, म्हणजे एका घरात आठ पोरं आणि सगळ्यांचं नाव एकच; एकाला हाक मारली की आठही धावत येतात. मग त्यांना आवरायला मधे नववी चिप, आणखी तारा, मोठा बोर्ड, महाग प्रकरण. दुसऱ्या बोर्डावर एकच साधी चिप, आत जणू आठ नळ. नळ उघडला, मोटर फिरली. नळ बंद केला, मोटर भिरभिरत आपल्या सवडीने थांबली. मी जन्मभर हीच वापरली. न रुसणारी, न बिघडणारी. महिनाभर मी दोन्ही बाह्या आलटून पालटून चढवून बसत होतो आणि साहेबांना सांगत होतो की फरक काही कळत नाही, मग नखरे कशाला पोसायचे? "मीटर म्हणतील ते," साहेब म्हणाले होते. आज संध्याकाळी चाळीस बाह्यांची ऑर्डर जायची होती, आणि त्याआधी दुपारी टायपिस्टबाई शेवटचं सांगायला येणार होत्या.

टायपिस्टबाई बावीस वर्षं एका कचेरीत टाइप करत होत्या. आधी कान गेले, तरी काम चाललं. मग डोळे गेले. आता साठीच्या आहेत. त्या बोलतात, पण स्वतःचा आवाज ऐकून खूप वर्षं झाल्यामुळे सपाट आणि जरा मोठ्यानेच. त्यांच्याशी बोलायचं तर त्यांच्या तळहातावर बोटाने एकेक अक्षर लिहायचं. त्यांनाही कुणाला हळूच काही सांगायचं असलं की त्या तसंच लिहितात, आणि उत्तर मनगटावर टिचकीने घेतात: एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्यांची भाची त्यांच्याजवळ राहते. बाजारातल्या गप्पांपासून डॉक्टरच्या औषधापर्यंत जगातलं सगळं तिच्या बोटातून त्यांच्यापर्यंत पोचतं. तिला लांबच्या गावी नोकरी लागलीय, पुढच्या महिन्यात ती जाणार. त्यानंतर त्यांच्याकडे उरते एक शेजारीण, जी सकाळ-संध्याकाळ जेवण ठेवून जाईल पण हातावर लिहीत बसायचा तिला कंटाळा आहे, आणि आमची बाही. भाचीने हे पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. "काका, चांगली करा हं," ती म्हणाली होती, शिंप्याला सांगावं तसं.

पहिल्या बोर्डाची बाही चढवून टायपिस्टबाई म्हणाल्या होत्या, "कुणीतरी बोटाने लिहिल्यासारखं आहे." आणि दुसरीला म्हणाल्या, "पाटी पुसायच्या आत पुढचं अक्षर येतं. गिचमिड होते. आणि दुखतं." मला ते लागलं. बोर्ड माझ्या आवडीचा होता म्हणून असेल. मी तो स्वतःच्या हाताला लावून बघितला, आणि मला तो उलट मवाळ वाटला. म्हणून मी व्होल्टेज वाढवलं. पुढच्या वेळी त्या पुन्हा दुखतं म्हणाल्या, मी पुन्हा लावून बघितला, पुन्हा मवाळ वाटला, पुन्हा वाढवलं. बाही उतरवली तेव्हा त्यांच्या गोऱ्या, सुरकुतलेल्या हातावर आठ लाल ठिपके होते, चार-चारच्या दोन ओळी, अगदी मापात. मी ते बघितले. मग जागेवर येऊन अहवालात लिहिलं: वापरणाऱ्या व्यक्तीची त्वचा नाजूक आहे, सवयीने जमेल. "दुसरीत चुका जास्त होतायत त्यांच्या," कोडवालीने सांगितलं होतं. "सवय," मी म्हणालो होतो, आणि मीटर म्हणतो म्हटल्यावर तिनेही मान डोलावली. हे सगळं मला आत्ता, कपाला अडून पडलेल्या त्या मोटरीकडे बघताना, ओळीने आठवलं. मी मोटर खिशात घातली, एक सेल घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावली.

बाथरूममध्ये एकच बल्ब आहे आणि आरसा जरा वर लावलेला आहे, माणूस फक्त नाकापासून वर दिसतो. मी मोटरीच्या तारा सेलला टेकवल्या. आवाज आला. म्हणजे चालू होती. तर्जनीच्या टोकावर धरली: काही नाही. अंगठ्यावर, तळहाताच्या खोलगट भागात: काही नाही. मनगटावर कुठेतरी, शेजारच्या बिऱ्हाडात कपाट सरकवावं तसं, काहीतरी, पण तेही कानाने की हाताने हे सांगता येईना. मग मी ती गालाला लावली आणि दचकलो. केवढा तो जोर! दातापर्यंत गेला. ओठाला लावली तर सहनच होईना, डोळ्यांत पाणी आलं. आणि हा जोर मी महिनाभर त्या बाईच्या हातावर सोडत होतो, आठ ठिकाणी, वर ती नाजूक आहे असं लिहीत होतो. मी मोटर बंद केली नाही. तशीच गालाला धरून उभा राहिलो, दात खाऊन, जणू त्याने काही फिटणार होतं.

मला आई आठवली. मला तिची आठवण नको होती. आम्ही लहान असताना आई आंघोळ घालायची, बादलीत गरम पाणी, त्यात गार पाणी, मग ती मनगटापर्यंत हात बुडवायची, ढवळायची आणि म्हणायची, "झालं, बस खाली." आणि पहिला तांब्या खांद्यावर पडला की मी किंचाळायचो. रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. "नाटकं करू नकोस," ती म्हणायची, आणि ओल्या पाठीवर एक धपाटा. मला तिचा राग यायचा, भीती वाटायची. वाटायचं, हिला मी आवडत नाही. पुढे कधीतरी ती बदलली. पाण्यात हात बुडवायची, पण बघायची माझ्या तोंडाकडे. आधी दोन थेंब माझ्या पायावर टाकायची आणि तोंडाकडे टक लावून बघायची, आणि माझं तोंड वाकडं झालं नाही की मग तांब्या ओतायची. मला वाटलं, हिला आता माझी दया येते. सगळं कळायला मला मोठं व्हावं लागलं. एकदा तिने चुलीवरचं भांडं फडक्याशिवाय उचललं, हसत हसत चार पावलं चालली, आणि खोलीत जळका वास पसरला तेव्हा वडिलांनी ते हिसकावून घेतलं. डॉक्टर म्हणाले, नसा. तिच्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणे. किती वर्षं होतंय हे, वडिलांनी विचारलं, तर ती म्हणाली, "आत्ताच, परवापासून." मी तिथेच उभा होतो. मला माझ्या खांद्यांची सालटं आठवली, ती परवाची नव्हती. पण मी काही बोललो नाही. तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मला आज आरशात, नाकापासून वर, दिसत होती.

आणि चपलांचं काय? बायको गेल्या उन्हाळ्यापासून म्हणतेय, "अहो, एक चप्पल मागे राहिली." आम्ही रस्त्याने चालत असतो, मी पुढे बोलत असतो आणि डाव्या पायातली चप्पल केव्हाच सुटून मागे पडलेली असते. आधी ती हसायची. मग हसेनाशी झाली. न बोलता मागे जाऊन चप्पल उचलून आणते आणि माझ्यासमोर ठेवते, आणि आम्ही दोघंही पट्टा सैल झालाय असं म्हणतो. सैल पट्ट्याच्या तीन चपला मी वर्षात बदलल्या. डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं, आणि ते वाक्य मला पाठ होतं. चोपन्नाव्या वर्षी मी दुसरं काय करणार? घरातल्या कुणाला हे सांगितलं तर ते रडतील, जवळ घेतील. कंपनीत सांगितलं तर तेही वाईट बोलणार नाहीत, साहेब भला माणूस आहे. मला खुर्ची देतील, कागद देतील, आणि पाहुणे आले की मला हाक मारणार नाहीत. मीटर बिघडला की त्याच्यावर कुणी रागावत नाही, नुसतं त्याच्याकडे बघायचं सोडून देतात. मला भीती वाटत होती. शुद्ध, लहान मुलासारखी भीती. बाहेर कुणीतरी कडी वाजवली, मी मोटर खिशात टाकली आणि उगाचच नळ सोडून हात धुतले.

बाहेर येईपर्यंत मी एक तोड काढली होती. तेवढं डोकं माझं चालतं. टायपिस्टबाई आज पहिलीच बाही म्हणणार, हे दिसतंच होतं. त्या म्हणतील पहिली, मी जरा कपाळाला आठी घालीन, जरा वाद घालीन, मग हसून हात जोडीन: बाईंपुढे आपलं काय चालणार? पहिला बोर्ड जाईल, चाळीस माणसांच्या हातावर नीट अक्षरं उमटतील, आणि कुणाला काही सांगायची वेळ येणार नाही. माझं कबूल करायचं काम त्या करतील, त्यांना न कळता. मला इतकं हलकं वाटलं की मी कोडवालीला चहा आणून दिला. "आज सूर्य कुठून उगवला?" ती म्हणाली.

अडीचला त्या आल्या, भाचीच्या दंडाला धरून. बैठकीच्या खोलीत लांब टेबल, सहा खुर्च्या, खिडकीला पडदा नाही म्हणून अर्ध्या काचेवर कागद चिकटवलेले. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या, ऊन अंगावर येतं ते त्यांना आवडतं. त्यांच्या एका बाजूला भाची, दुसऱ्या बाजूला मी, समोर लॅपटॉप घेऊन कोडवाली. मी त्यांच्या तळहातावर "या" लिहिलं. त्यांचा हात जरासा आखडला. आजवर मी हे कधी बघितलं नव्हतं, किंवा बघितलं असेल आणि नाजूक असं नाव देऊन ठेवून दिलं असेल. पहिली बाही चढवली. कोडवालीने शब्द पाठवले, त्या एकेक म्हणत गेल्या, सपाट आवाजात: दार, उद्या, पगार, माकड. माकडला स्वतःच हसल्या. दुसरी चढवली. मी कोडवालीला सकाळीच सांगून व्होल्टेज उतरवलं होतं, तरी त्यांचा जबडा आवळला गेला. त्या थांबत होत्या, मान तिरकी करत होत्या, गर्दीत कुणाचं तरी बोलणं पकडायला बघावं तसं. "दोर," त्या म्हणाल्या. "दार? दोर. राहू दे." साहेब दारात येऊन उभे राहिले, पण त्यांचा फोन वाजला आणि दोन मिनिटं हं, असं खुणावून ते बाहेर गेले. कोडवाली चार्जर आणायला उठली. भाचीने मावशीची बाही उतरवली. आणि तेवढ्यात टायपिस्टबाईंनी माझा डावा हात धरला, टेबलाखाली ओढून घेतला आणि आपल्या गुडघ्यावर उताणा ठेवला.

त्या लिहीत होत्या. त्यांचा उजवा खांदा बारीक हलत होता, त्यावरून मला कळत होतं की त्या लिहितायत. एरवी माझा तळहात समोर असायचा आणि मी त्यांचं बोट डोळ्यांनी वाचायचो. चार महिने वाचत आलो होतो, आणि त्यांच्याशी अशा गप्पा मारणारा कंपनीत मीच एकटा म्हणून त्याचाही मला थोडा तोरा होता. आता मला दिसत होती फक्त टेबलाची कड, प्लायचा निघालेला पापुद्रा. खाली माझा हात होता, त्यावर कुणीतरी मला काहीतरी सांगत होतं, आणि मला कुणीही काहीही सांगत नव्हतं. मी कपाळाला घाम येईपर्यंत लक्ष तिकडे नेलं. वाकून बघणं शक्य होतं. पण भाची शेजारी होती, आणि वाकून बघणारा माणूस पकडला जातो. त्या बराच वेळ लिहीत होत्या, मधे थांबल्या, परत लिहिलं. मग थांबल्या. डावं मनगट त्यांनी टेबलावर ठेवलं होतं, उताणं, माझ्या उत्तरासाठी. काय विचारलं असेल? दमलात का. पाणी मिळेल का. झालं का आता, जाऊ का. हे सगळे प्रश्न असे की हो म्हटलं तर काही बिघडत नाही. हो म्हटलं की माणूस पुढे जातो. मी त्यांच्या मनगटावर एक टिचकी मारली. त्यांनी माझा हात गुडघ्यावरून उचलून हळूच माझ्या मांडीवर ठेवला, उसनी आणलेली वस्तू परत करावी तसा, आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या.

साहेब आले. "काय मग?" ते म्हणाले. भाचीने मावशीच्या हातावर तो प्रश्न लिहिला. "दोन्ही सारख्याच आहेत," टायपिस्टबाई म्हणाल्या. "दुसरी चालेल. सवयीने जमेल." भाची त्यांच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "बघा," साहेब म्हणाले, "मीटर पहिल्यापासून तेच सांगतायत." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, ती मला कळली, पाठ अजून माझी होती. सवयीने जमेल, हे माझेच शब्द. ते त्यांच्यापर्यंत कुणी पोचवले असतील? भाचीनेच, तिच्या बोटाने, अहवाल वाचून दाखवताना. मला वाटलं त्या गोंधळल्या, आता सुधारतील. पण त्या उठल्या, खुर्चीची पाठ चाचपत. मी कपाळाला आठी घातली नाही, हात जोडले नाहीत. काही करायची पाळीच आली नाही. कोडवाली चार्जर घेऊन आली आणि म्हणाली, "झालं पण?"

लिफ्टपाशी भाचीने मावशीला भिंतीजवळ उभं केलं, तिचा हात भिंतीला लावून दिला आणि चार पावलं मागे माझ्याकडे आली. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. "काका, तुम्ही हो कसं म्हणालात?" "कशाला?" "कशाला म्हणजे? मी शेजारीच होते, मला दिसत होतं ती काय लिहीत होती ते. तिने लिहिलं, तुमच्या हाताला कळत नाही हे मला कधीच कळलंय, तुम्ही लिहिता तेव्हा नख रुततं. मी पहिली बाही म्हटलं तर तुम्हाला विचारतील की हा फरक तुम्हाला कसा कळला नाही. तुमची नोकरी जाईल. मी गप्प राहू का? आणि तुम्ही हो म्हणालात." ती थांबली. "काका, मी पुढच्या महिन्यात जाणार. नाही गेले तर चालणार नाही. ती बाही माझ्या जागी आहे. तिला दुसरं कुणी नाही, तुम्हाला माहीत आहे हे." मी म्हणणार होतो की मला वाटलं त्यांना पाणी हवंय. हे वाक्य तोंडात तयार होतं आणि ते इतकं हास्यास्पद होतं की माझं मलाच ऐकू आलं. लिफ्टचा दिवा खाली अडकला होता. बाई भिंतीला हात लावून उभ्या होत्या, भिंतीतून लिफ्टची घरघर येते ती त्यांना कळते, ती आली की त्या आपण होऊन वळतात. माझ्यावर त्या अजिबात रागावलेल्या दिसत नव्हत्या, आणि ते मला सहन झालं नाही.

मी जाऊन त्यांचा हात घेतला आणि तळहातावर लिहिलं, "नाही." त्यांनी हात झटक्यात मागे घेतला. "अहो, हळू!" भाची ओरडली. नखाने काढलेली वेलांटी त्यांच्या तळहातावर लाल उमटली होती. "मी सांगते तिला, काय सांगायचं ते मला सांगा." "नको," मी म्हणालो. "मीच." मी बोट उलटं केलं, नखाची बाजू वर, आणि डोळ्यांनी बघत बघत, कातडीला टेकेल न टेकेल असं, पुन्हा लिहिलं. नाही. गप्प राहू नका. मला टेबलाखालचं काही कळलं नव्हतं. एवढं लिहायला फार वेळ लागला. लिफ्ट आली, दार उघडलं, कुणी आत गेलं नाही, दार मिटलं.

टायपिस्टबाईंनी माझा डावा हात घेतला, शर्टाची बाही कोपरावर सारली आणि तळहातावर लिहिलं. मला दिसत होतं: "इथे?" मी त्यांच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या. त्या बोटभर वर सरकल्या, मनगटावर लिहिलं: "इथे?" दोन टिचक्या. आणखी वर. साहेब खोलीतून बाहेर आले होते, हातात ऑर्डरचा कागद होता, सही राहिली होती माझी. मागे कोडवाली. "काय चाललंय?" साहेब म्हणाले, हसतच. "कुठपर्यंत गेलंय ते बघतायत," मी म्हणालो. "काय कुठपर्यंत गेलंय?" "हात. मला कळत नाही हाताने. दोन वर्षं झाली." माझा आवाज चिरका निघाला. "दुसरा बोर्ड मागवू नका. मी जे सांगितलं त्यातलं काहीच मला कळलेलं नव्हतं." साहेबांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, ते कुठे ठेवावं त्यांना समजेना. कोडवाली पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होती. टायपिस्टबाईंना यातलं काही ऐकू येत नव्हतं, त्या आपलं काम करत होत्या, दिवसभर टाइप करणाऱ्या बाईच्या शांतपणाने. "इथे?" दोन टिचक्या. मला वाटलं होतं फार तर मनगट. त्या मनगट आणि कोपराच्या मध्यावर आल्या, तो ओलांडला, आणि मी मारतच होतो, दोन, दोन, दोन. भाचीने तोंडावर हात घेतला.

कोपराच्या चार बोटं खाली त्यांचं बोट मला लागलं. आधी नुसता ओलसर दाब, मग त्याला वळण आलं, वळणाला गाठ, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांचं एक अक्षर डोळे मिटून वाचलं. मला रडू फुटलं. मी एक टिचकी मारली. त्या थांबल्या. मग शिंपी कापडावर खूण करतो तशी त्यांनी तिथे अंगठ्याच्या नखाने हाताला आडवी रेघ ओढली, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि हात सोडला. रेघ हळूहळू लाल होत गेली. अर्धी मला कळली, अर्धी नुसती दिसली.